पाणी बंद होण्याची तारीख

कावेरीवरच्या मेट्टूर धरणाचे दरवाजे रिवाजाप्रमाणे १२ जूनला उघडतात आणि २८ जानेवारीला बंद होतात. सेलम जिल्ह्यातलं हे धरण १९३४ मध्ये पुरं झालं आणि तेव्हापासून खाली तंजावरकडच्या सखल मुलखाचं वर्ष या दोन तारखांच्या मधे बसलेलं आहे. पाऊस ओढला की जूनची तारीख पुढे ढकलली जाते, त्यावरून आंदोलनं होतात, कर्नाटक आणि तमिळनाडू कोर्टात उभे राहतात. जानेवारीच्या तारखेचा मात्र कुणी फारसा गाजावाजा करत नाही. उभं पीक पाण्यावाचून अडलं असेल तर क्वचित काही दिवस वाढवून मिळतात. एरवी जानेवारी संपता संपता पाटाचं पाणी थांबणार, हे पापनाशमच्या शेतकऱ्याने पेरणीच्या वेळीच धरलेलं असतं.

पापनाशम हे कुंभकोणम आणि तंजावर यांच्या मधलं तालुक्याचं गाव. एका अंगाला कावेरी, आणि तिचाच फाटा असलेली कुडमुरुट्टी गावाला लागून. लंकेहून परतताना रामाने युद्धातल्या हत्येचं पाप फेडायला इथे एकशे आठ शिवलिंगं स्थापली, अशी इथली कथा आहे. ती लिंगं एकाच देवळात ओळीने मांडलेली आहेत. कर्नाटक संगीतातले मोठे रचनाकार पापनाशम शिवन या गावाचं नाव लावून जगभर गेले. मी इथे येते ती यांपैकी कशासाठीही नाही. मी येते ती पाणी बंद झाल्यावर, फेब्रुवारीत, आणि काही न करण्यासाठी.

पहिल्यांदा आले तेव्हा तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात मोडी कागद पाहायचे होते. राहायची सोय पापनाशमला झाली. घर एका तंजावरी मराठी कुटुंबाचं. पिढ्यान्‌पिढ्या तिथेच वाढलेलं, घरात आपली मराठी आणि उंबऱ्याबाहेर तमिळ. घरातल्या वडीलधाऱ्या बाईंना सगळी आळी मामी म्हणते, म्हणून मीही मामी म्हणू लागले. कागद त्या वर्षी पाहून झाले. पण मी पुढच्या वर्षी पुन्हा आले, आणि त्याच्या पुढच्याही.

फेब्रुवारीतलं इथलं शेत पाहण्यासारखं असतं. सांबा भाताची कापणी झालेली असते किंवा संपत आलेली असते. पण शेत उघडं नसतं. कापणीच्या आठ-दहा दिवस आधी, भात उभं असतानाच, त्याच्या बुडाशी ओल्या चिखलात उडीद नाहीतर मूग फोकून दिलेला असतो. भात कापून नेईपर्यंत खाली दोन पानांची रोपं आलेली असतात. त्यांना वेगळी नांगरट नाही, पाटाचं पाणी नाही, बहुतेक ठिकाणी खतही नाही. मातीत उरलेली ओल आणि पहाटेचं दव एवढ्यावर ती अडीच महिने काढतात, शेंगा देतात, आणि मुळांवरच्या गाठींमधून जमिनीला नत्र देऊन जातात. आपल्याकडे जमीन पड टाकली म्हणतात तेव्हा रिकामं, तापलेलं रान डोळ्यांसमोर येतं. इथली पड हिरवी आहे. जे पीक जमिनीकडे फार मागत नाही, ते तेवढं तिच्यावर ठेवलेलं असतं.

हे मला फार मोलाचं वाटतं. विश्रांती म्हणजे हातपाय ताणून पडून राहणं, अशी आपली समजूत असते, आणि त्यामुळेच पुष्कळांना सुट्टी नकोशी होते. दोन दिवस पडून राहिलं की तिसऱ्या दिवशी अपराधी वाटायला लागतं. मामींच्या गच्चीवर याच दिवसांत वडामांची गडबड सुरू होते. तांदळाचं पीठ शिजवायचं, मिरची-हिंग-लिंबू घालायचं, सोऱ्यातून धुतलेल्या वेष्टीवर, म्हणजे धोतरावर, पाडायचं, आणि कावळे हाकलत बसायचं. आपल्या कुरडया-पापडांसारखंच हे वाळवण. मी सकाळी त्यांच्याबरोबर बसते. हाताला काम असतं, पण त्याला मुदत नसते, वरिष्ठ नसतो, कुणी ते तपासत नाही. दुपारी झोपते. संध्याकाळी बांधावरून चालून येते. माझं ते उडीद-मुगाचं पीक म्हणायचं.

उडीद निघाला की शेत खरंच मोकळं होतं. मग दक्षिणेकडून, रामनाथपुरमच्या बाजूने, मेंढपाळ कळप घेऊन येतात. शेतकरी आपल्या रानात मेंढरं बसवतो आणि रात्रीच्या त्या लेंडीखताचे मेंढपाळाला पैसे देतो. आपल्याकडे धनगर कोकणात उतरतात, देशावर रानोरान मेंढ्या बसवतात, अगदी तेच. एप्रिल-मेमध्ये चिकणमातीला हात हात खोल भेगा पडतात, आत हवा जाते, ऊन जातं. मग नदीतून पाणी येतं आणि कुरुवै भाताचा हंगाम सुरू होतो.

धरण बंद होतं ते जमिनीच्या काळजीपोटी नव्हे, हे मला माहीत आहे. साठा संपत आलेला असतो, पुढच्या हंगामाची बेगमी करायची असते. ज्याच्याकडे बोअरवेल आहे तो उन्हाळ्यातही भात घेतो आणि भूजल खाली जातं. एका वयस्कर शेतकऱ्याला मी मामींच्या मध्यस्थीने विचारलं होतं, की तुमच्या शेजाऱ्याने तिसरं पीक घेतलंय, तुम्ही का घेत नाही? ते म्हणाले, त्याचं रान यंदा छान दिसतंय, पुढच्या वर्षीही छान दिसेल. रान थकलंय हे ज्या वर्षी दिसायला लागेल, त्या वर्षी काही करायला उशीर झालेला असेल.

त्यांचं ते बोलणं मी पुण्याला घेऊन आले, कारण माझ्या आजूबाजूला मी तेच पाहत होते.

मी कॉलेजात शिकवते आणि एका नियतकालिकाच्या संपादनात आहे. ज्यांनी दिवाळी अंक काढलाय त्यांना ऑगस्ट ते ऑक्टोबर म्हणजे काय ते सांगायला नको. लेखकांची येत नसलेली हस्तलिखितं, जाहिराती, मुद्रितं, चित्रकार, छापखाना. त्यात कॉलेजच्या परीक्षा. त्या काळात थकवा येतो आणि तो कळतो, म्हणून त्याची मला भीती वाटत नाही. भीती वाटते ती त्याच्या मागोमाग येणाऱ्या गोष्टीची. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आपल्या अकराव्या रोगवर्गीकरणात बर्नआउटचं वर्णन केलं, तेव्हा त्याला आजार म्हटलं नाही. दीर्घकाळच्या, न आवरल्या गेलेल्या कामाच्या ताणातून येणारी अवस्था म्हटलं, आणि तिच्या तीन खुणा सांगितल्या. शक्ती संपून जाणं ही पहिली. कामाबद्दल मनात दुरावा किंवा तुच्छता येणं ही दुसरी. आपल्या हातून धड काही होत नाही असं वाटणं ही तिसरी. यातली दुसरी खूण मला सगळ्यांत घातक वाटते. संपादकाला ती कशी दिसते ते सांगते. कुठल्यातरी तालुक्याच्या गावाहून एखाद्या नव्या मुलीने कविता पाठवलेली असते, आणि लिफाफा उघडण्याआधीच कपाळाला आठी पडते. शिक्षकाला ती वर्गातल्या प्रश्नावर चिडताना दिसते, परिचारिकेला बेलचा आवाज ऐकताना. माणूस काम करतच असतो, वेळेवर करतो. ज्या जिव्हाळ्यापोटी तो त्या कामात आला, तो जिव्हाळा तेवढा आटलेला असतो. आणि तो आटलाय हे त्याला स्वतःला सर्वांत शेवटी कळतं.

म्हणूनच ‘थकलीस तर सुट्टी घे’ हा सल्ला मला निरुपयोगी वाटतो. थकलेल्या माणसाला आपल्या थकव्याचं माप घेता येत नाही. त्याला वाटतं, एवढा अंक काढू, एवढा प्रकल्प संपवू, मार्च जाऊ दे. गेल्या काही वर्षांत मोठ्या कंपन्यांच्या धुरिणांनी आठवड्याला सत्तर तास, नव्वद तास कामाची भाषा जाहीरपणे केली आहे. त्यांनी हेही वाचावं, की जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांच्या २०२१ च्या अभ्यासानुसार आठवड्याला ५५ तास किंवा त्याहून जास्त कामाशी जोडलेल्या पक्षाघाताने आणि हृदयविकाराने २०१६ या एका वर्षात जगात सुमारे ७ लाख ४५ हजार माणसं गेली. त्यांतली बहुतेक माणसं थोडं थांबायला हवं हे कधीतरी स्वतःशी म्हणाली असणार.

जुन्या माणसांनी विश्रांती थकव्यावर सोपवली नव्हती, तिथीवर सोपवली होती. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदेमळण होते; जोखडाने घट्टे पडलेल्या बैलाच्या खांद्याला लोणी-हळद चोळतात. बैल दमलाय का हे कुणी विचारत नाही, पोळा आला की त्याला जुंपायचं नाही. अमावस्येला औत धरायचं नाही, हीसुद्धा पुष्कळ गावांतली रीत. पापनाशमला पोंगलनंतरचा दिवस, माट्टु पोंगल, हा गुराढोरांचा. गाई धुतात, शिंगं रंगवतात. आणि नवरात्राच्या नवमीला, आपल्या खंडेनवमीच्या दिवशी, तिथे आयुध पूजा आणि सरस्वती पूजा. एकदा मी मुद्दाम त्या दिवसांत गेले होते. सुताराची करवत, शिंप्याचं मशीन, रिक्षा, ट्रॅक्टर, सगळ्यांना चंदन-कुंकू लागलेलं. मामींच्या घरी देवापुढे पुस्तकं रचून वर रेशमी वस्त्र घातलं होतं. त्या दिवशी वाचायचं नाही, लिहायचं नाही. नातू दहावीला होता, त्याची पुस्तकंही त्यातच. मी माझी वही बाहेर ठेवली होती. मामींनी हात पुढे केला आणि म्हणाल्या, “ती पण दे गं.” दुसऱ्या दिवशी, विजयादशमीला, सगळ्यांनी आपापलं पुस्तक उघडून चार ओळी तरी वाचल्या. अभ्यासाचा एवढा धाक असलेल्या घरात परीक्षेच्या वर्षीही एक दिवस पुस्तकाला हात लावायची बंदी असते, आणि ती मुलाला आळस म्हणून नाही तर पूजा म्हणून मिळते, याचं मला आजही अप्रूप आहे.

आता तिथीचं बळ ओसरलंय. कारखान्याच्या भोंग्याला अमावस्या कळत नव्हती, आणि फोनला तर कुठलाच वार कळत नाही. भोंग्याच्या काळात हा प्रश्न ज्यांनी हातात घेतला, ते नारायण मेघाजी लोखंडे आपले होते. जन्म १८४८ चा, ठाण्यातला. महात्मा फुल्यांचे सत्यशोधक सहकारी, ‘दीनबंधु’चे संपादक. मांडवीच्या एका कापड गिरणीत त्यांनी नोकरी केली होती, त्यामुळे गिरणीतला दिवस त्यांना आतून माहीत होता. उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत काम, आठवड्याची सुट्टी नाही, सणावारी मिळेल तेवढीच. १८८४ मध्ये परळला कामगारांच्या सभा भरल्या आणि साडेपाच हजार सह्यांचं निवेदन तयार झालं. त्यात पहिली मागणी रविवारच्या सुट्टीची होती, मग दुपारच्या अर्ध्या तासाच्या विसाव्याची. सहा वर्षं गेली. २४ एप्रिल १८९० ला महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले, दोन कामगार स्त्रिया त्या सभेत बोलल्या, आणि १० जून १८९० ला गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. पुढच्या वर्षीच्या फॅक्टरी कायद्यात आठवड्याची सुट्टी आली. रविवार हा खंडोबाचा वार, त्या दिवशी कामगारांना कुलदैवताकडे जाता यावं, असंही लोखंड्यांनी मांडल्याचं सांगतात. १८९७ च्या प्लेगमध्ये लोकांची शुश्रूषा करताना ते गेले.

आपण रविवार इतका सहज वापरतो, की तो कुणी मागून, झगडून घेतला हेच विसरतो. लोखंड्यांनी आणखी एक गोष्ट ओळखली होती, आणि माझ्या दृष्टीने ती सुट्टीच्या मागणीइतकीच मोठी आहे. त्यांनी प्रत्येक कामगाराला आपापल्या सोयीने एक दिवस मागितला नाही. सगळ्यांना मिळून एकच दिवस मागितला. माझी एकटीची रजा ही खरी रजा नसते. माझं काम साचत राहतं, सहकाऱ्याच्या डोक्यावर जातं, तो मला फोन करतो, मी उचलते, आणि परतल्यावर दोन्ही हातांनी उपसावं लागतं. सगळ्यांचं मशीन एकदम थांबलं तरच माणूस खरा मोकळा होतो. पापनाशमला एका शेताचं पाणी तोडून दुसऱ्याचं चालू ठेवत नाहीत. पाट बंद, म्हणजे सगळ्यांसाठी बंद.

इथे मला त्या गावातल्या आणखी एका गोष्टीबद्दल सांगितलंच पाहिजे. पापनाशमला लागून तिरुप्पालैत्तुरै आहे. तिथल्या पालैवननाथाच्या देवळात विटांचं एक प्रचंड गोल कोठार उभं आहे. तंजावरच्या नायकांच्या अमदानीत, सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात बांधलेलं. माथ्याला निमुळतं होत गेलेलं. त्याच्यापुढे उभं राहिलं की मान वर करावी लागते. तीन हजार कलम (कलम हे तिकडचं धान्याचं जुनं माप) भात त्यात मावायचा म्हणतात. ते पाहताना मला पहिल्या खेपेला फक्त स्थापत्याचं कौतुक वाटलं होतं. नंतर लक्षात आलं, की रानाची पड याच कोठाराच्या जोरावर आहे. पाणी नसलेले महिने ज्याच्या घरी भात असे त्याच्यासाठी विसाव्याचे होते. ज्याच्या घरी नसे त्याच्यासाठी ते उपासाचे होते.

तंजावरच्या या समृद्ध मातीत बहुतांश जमीन मिरासदारांकडे आणि देवस्थानांकडे होती, आणि राबणारे पन्नैयाळ होते, बहुतेक दलित, मालकाच्या शेतावर वर्षानुवर्षं बांधलेले. त्यांच्या मजुरीला आणि कामाच्या शाश्वतीला संरक्षण देणारा कायदा १९५२ मध्ये आला. १९६८ मध्ये जुन्या तंजावर जिल्ह्याच्या पूर्वेला कीळवेणमणीत मजुरीच्या झगड्यातून ४४ दलित माणसांना झोपडीत कोंडून जाळण्यात आलं, त्यांत बायका आणि मुलंच जास्त होती. हे या हिरव्या मुलखात फिरताना विसरून चालत नाही. भूमिहीन मजुरासाठी फेब्रुवारीनंतरचे महिने म्हणजे काम नसण्याचे महिने, आणि काम नसण्याला सुट्टी म्हणणं क्रूरपणाचं आहे. उरलेली भातकापणी करायला आलेल्या बायका सावलीत बसून डबा खाताना मी पाहते तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर विसावा असतो, कारण हातात दिवसाची मजुरी असते. महाराष्ट्रात वि. स. पागे यांनी रोजगार हमीची कल्पना मांडली आणि १९७७ मध्ये आपण तिचा कायदा केला, पुढे २००५ मध्ये देशाने वर्षाला शंभर दिवसांची हमी दिली, ती याच रिकाम्या महिन्यांसाठी. मला वाटतं, ज्या महिन्यात चूल पेटेल याची खात्री आहे त्याच महिन्यात माणूस विसावू शकतो. ओढगस्तीच्या घरात माणूस विसावत नाही, नुसता वाट बघत बसतो.

तंजावरच्या मराठी राजांना हे कळलं होतं असं म्हणायला आधार आहे. त्यांनी रामेश्वरच्या वाटेवर छत्रं, म्हणजे वाटसरूंसाठी धर्मशाळा, बांधली. दुसऱ्या सरफोजींनी ओरत्तनाडला मुक्तांबाळ छत्र उभारलं, ते आजही आहे. इंग्रजांनी या छत्रांची उत्पन्नं ताब्यात घेऊ नयेत म्हणून सरफोजींनी १८०१ मध्ये रेसिडेंटला सविस्तर पत्र लिहिलं. तिथे येणाऱ्या वाटसरूला जात न पाहता जेवण मिळतं, आजाऱ्याला वैद्य आणि बरं होईपर्यंत आसरा मिळतो, लहान मुलांना दूध मिळतं, असं त्यात आहे. राज्याची सत्ता जवळजवळ गेलेली असताना हा राजा वाटेत थांबणाऱ्या माणसांच्या जेवणासाठी पत्र लिहीत होता. मोडी कागद पाहायला आले होते, त्यातून मला मिळालेली ही सर्वांत मोठी गोष्ट.

पुण्याला परतल्यावर मी हे सगळं आमच्या संपादक मंडळापुढे मांडलं. वाद झाला. वर्गणीदारांचे फोन कोण घेणार, एप्रिलच्या अंकाचं काय, छापखान्याची वेळ गेली तर पुढची कधी मिळणार, हे प्रश्न खरे होते आणि त्यांची उत्तरं शोधायला दोन बैठका लागल्या. शेवटी ठरलं, की फेब्रुवारीचा दुसरा आणि तिसरा आठवडा कार्यालय बंद. संपादक, अक्षरजुळणी करणारे, मुद्रितं तपासणाऱ्या बाई, वर्गणीचं काम पाहणारा मुलगा, सगळ्यांना एकदम. काम जास्त असो की कमी, तारीख तीच. वर्गणीदारांना जानेवारीच्या अंकातच कळवायचं.

पहिल्या वर्षी सुट्टीच्या सूचनेची चौकट छापायला दिली तेव्हा अक्षरजुळणी करणारे आमचे सहकारी माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. तीस वर्षं याच कामात आहेत ते. त्यांनी एकच विचारलं, “ताई, या दिवसांचा पगार?”

पूर्ण मिळणार म्हटल्यावर ते खुर्ची ओढून बसले, आणि मुलीकडे सोलापूरला जाण्याच्या गाडीची वेळ मला विचारू लागले.